श्रीकार

बेल वाजली तेव्हा हर्षल चहा पीत होता. कप ओठांशी होता तो तसाच थांबला. मग त्याने तो बशीत इतक्या हलक्या हाताने ठेवला की जराही आवाज झाला नाही. तो उठला, बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावून घेतली.

कल्याणीने दार उघडलं. दारात दिगूभाऊ उभे होते, हर्षलचे थोरले भाऊ. हातात गरम जिलबीचा पुडा आणि चेहऱ्यावर नेहमीचं हसू. नाशिकच्या सराफ बाजारातलं दुकान दोघा भावांचं. ते उघडायच्या आधी धाकट्याकडे घोटभर चहा घ्यायचा हा दिगूभाऊंचा कितीतरी वर्षांचा परिपाठ.

"हर्षा कुठंय?"

"अंघोळीला गेलाय, भाऊजी."

"काल अंघोळीला, परवा अंघोळीला. एवढा स्वच्छ कधीपासून झाला हा? लहानपणी आई काठी घेऊन मागे धावायची तेव्हा कुठे अंगावर तांब्याभर पाणी घ्यायचा." ते स्वतःच हसले, पण बाथरूमच्या दाराकडे बघताना त्यांचं हसू ओसरलं. चहा अर्धा ठेवून ते निघून गेले. माणूस सोनार होता, खोटं ओळखायला त्याला कसोटीचा दगड लागत नव्हता.

कल्याणीने बाथरूमचं दार वाजवलं. हर्षलने कडी काढली आणि पुन्हा कोपऱ्यात, बादलीच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन बसला. शर्ट घामाने ओला.

"गेला?"

"गेले. हर्षल, दादा आहे रे तो तुझा."

"माहितीये मला." त्याचे दात वाजत होते. "त्यानं मला सायकल शिकवली. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिला होता, घरी जा म्हटलं तर गेला नाही. मला सगळं कळतं गं. अंगाला कळत नाही. बेल वाजली की वाटतं, आता संपलं."

"बरं, इकडे बघ. माझ्याकडे बघ." तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हळूहळू त्याचा श्वास ताळ्यावर आला. हे तिला नेहमी जमायचं. तेवढ्यात पाच वर्षांची रेवा दप्तर पाठीला अडकवून दारात आली. बाबा बादलीमागे लपलेले पाहून तिला वाटलं लपाछपी चाललीय, आणि ती टाळ्या पिटायला लागली.

हर्षलला फार वर्षं फिट्स यायच्या. औषधांना दाद न देणाऱ्या. त्यांचं मूळ मेंदूतल्या बदामाएवढ्या एका भागात होतं. समोर आलेल्या गोष्टीपासून किती धोका आहे हे ठरवणं हे त्या भागाचं काम. एक फिट तर अंघोळ करताना आली, डोकं फरशीवर आपटलं आणि तो जेमतेम वाचला. तेव्हा डॉक्टरांनी तो भाग काढून टाकला आणि त्याच्या जागी 'सावर' बसवलं. कानामागे, कातडीखाली, नखाएवढा प्रोसेसर. तो फिट येऊ पाहत असेल तर ती दाबतो, आणि काढून टाकलेल्या भागाचं कामही करतो. समोरचं किंवा मनातलं माणूस कोण आहे, आणि त्याची भीती किती बाळगायची, याचा हिशेब तो क्षणाक्षणाला करतो. अनुभवातून शिकतोही. ज्या कुत्र्याने एकदा चावा घेतला त्याचं वजन त्याच्या यादीत वाढतं, आणि रोज शेपटी हलवणाऱ्याचं घटत जातं.

आणि हे 'सावर' जिथे तयार होतं, त्या नाशिकच्या अंबड भागातल्या कंपनीतच कल्याणी नोकरीला होती. तिचं काम डंप वाचण्याचं.

प्रोसेसर कुठलाही असो, कधी ना कधी अडखळतो. वीज किंचित खाली-वर होते, एखादा आकडा वेडावाकडा येतो आणि काम बंद पडतं. घरातला कॉम्प्युटर असा बंद पडला तर आपण शिव्या घालतो आणि पुन्हा चालू करतो. डोक्यातल्या प्रोसेसरला ती चैन परवडत नाही. म्हणून पडता पडता त्याने स्वतःची स्थिती टिपून ठेवायची आणि पापणी लवायच्या आत उठून तिथूनच पुढे चालू लागायचं, अशी सोय केलेली असते. प्रोसेसरची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट धरा. रजिस्टर म्हणजे त्या क्षणी हातात असलेल्या वस्तू. कपाट जागेवरच राहतं, पण हातातलं सांडलं तर गेलं. तेव्हा क्रॅश होताना एक छोटा प्रोग्रॅम धावत येतो, सगळी रजिस्टरं जशीच्या तशी लिहून घेतो, आणि नंतर त्यातला आकडा न् आकडा परत हातात ठेवतो. त्याच टिपणाची एक प्रत कंपनीला पोचते, तिला म्हणायचं डंप. काय बिघडलं होतं ते कल्याणी आणि तिचे सहकारी त्यावरून शोधायचे.

यात एकच अडचण असते. सगळं लिहून घ्यायचं तर लेखणी धरायला एक हात रिकामा लागतो. म्हणून एक रजिस्टर मुळातच कोणी वापरायचं नाही, असा या चमूचा दंडक होता. चमूचे प्रमुख मुजुमदार सर. 'सावर'चा पहिला प्रोग्रॅम त्यांनी लिहिला, तेव्हा त्या रिकाम्या रजिस्टरात एक भलामोठा, ठरावीक आकडा घालून ठेवला. डंप उघडला की माथ्यावर तो दिसायचा आणि कळायचं, टिपण इथून सुरू झालं. चमूत त्याला सगळे 'श्री' म्हणत. नवीन पोरगं कामाला लागलं आणि त्या आकड्यावर अडलं की सर हसून म्हणायचे, "अरे, पत्राच्या माथ्यावरचा श्री लिहायचा असतो, वाचायचा नसतो. खाली बघ." मग तेही पोरगं खाली बघायला शिकायचं. कल्याणीही तशीच शिकली होती.

दिगूभाऊंचं प्रकरण सुरू झालं त्याच सकाळी हर्षलचं 'सावर' एकदा अडखळलं होतं. तिने तो डंप पुन्हा उघडला. माथ्यावर श्री, खाली सगळं जिथल्या तिथे. एकही आकडा वावगा नव्हता. तिने सुस्कारा सोडला, पण सुटल्यासारखं काही वाटलं नाही.

तशा कानावर गोष्टी येत होत्याच. नवा प्रोसेसर घातलेली 'सावर' बाजारात आली तेव्हापासून फोनवर तक्रारी घेणारी मंडळी जेवणाच्या सुट्टीत किस्से सांगायची. कोणाचे यजमान बायकोला बघून खोलीचं दार लावून घेतात. कोणाच्या सासूबाई सुनेला बघून किंचाळतात. "त्यासाठी 'सावर' कशाला लागतं? आमच्याकडे बिनखर्चात किंचाळतात," असं कोणीतरी म्हणालं आणि टेबलभर हशा पिकला. प्रत्येक तक्रारीमागचा डंप नियमाप्रमाणे तपासला गेला होता आणि प्रत्येक डंप निर्मळ निघाला होता. तेव्हा ही घरगुती भानगड, यात यंत्राचा काय दोष? कल्याणीही त्या हशात सामील झाली होती. आता ते आठवून तिने अर्धाच डबा झाकून ठेवला.

पुढच्या आठवड्यात आईंचा फोन आला.

हर्षलची आई येवल्याला राहायची. सकाळची पूजा झाली की व्हिडिओवर नातीचं तोंड बघायचं आणि मगच चहा, हा तिचा नेम. हर्षल तेव्हा टेबलाशी बसलेला असायचा. कानामागे चार्जिंगची चकती चिकटवलेली, मांडीवर रेवा, तिच्या हातात दुधाचा पेला. कल्याणी आत पोळ्या लाटत असायची. त्या दिवशी तिने पेला फुटल्याचा आवाज ऐकला, आणि पाठोपाठ हर्षलचं ओरडणं.

"बंद कर! बंद कर ते!"

ती धावत बाहेर आली. फोन पालथा पडला होता. त्यातून आईंचा आवाज येत होता, "हर्षा, अरे काय झालं? हर्षा, मी आहे रे!" प्रत्येक हाकेसरशी हर्षल भिंतीत शिरायला बघत होता. रेवा त्याच्या गळ्याला लटकली होती.

"आजीच होती फक्त," रेवा म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते.

कल्याणीने फोन उचलून बंद केला. येवल्यात एक म्हातारी बाई स्वयंपाकघरात एकटीच रडत बसली असेल, हे तिला दिसत होतं. पण त्या क्षणी तिला आईंची दया यायच्या आधी दुसऱ्याच गोष्टीने धस्स झालं. हर्षलच्या कानामागच्या चकतीचा दिवा नुकताच लुकलुकून स्थिर झाला होता. चार्जिंगची वीज हलली होती. म्हणजे 'सावर' अडखळलं होतं, आत्ता, आई समोर असताना. दिगूभाऊही सकाळीच यायचे, चकती लावलेली असताना.

आणि रोज सकाळी, चकती लावलेली असताना, मांडीवर कोण असतं?

"आता तुम्ही दोघीच उरलात," हर्षल रेवाच्या केसांत तोंड लपवून म्हणाला. "रेवडी आहे म्हणून मी आहे. तिला बघितलं की जरा धीर येतो."

त्या दिवसापासून चार्जिंगच्या वेळी रेवाला शेजारी पाठवायचं कल्याणीने ठरवलं. पण तिलाही कळत होतं की हा काही उपाय नव्हे. चार्ज केल्याशिवाय दोन-तीन दिवसांपलीकडे निभत नाही. यंत्र बंद पडू दिलं तर फिट्स परत, आणि या वेळी फरशीवरून तो उठेलच याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रेवा शाळेत असताना, तिने ऑफिसातून आणलेलं वाचनयंत्र हर्षलच्या कानामागे लावलं. डंप नेहमी कंपनीकडे जातो, पण 'सावर'ने शिकलेली यादी आतच राहते. ती फक्त रुग्णाच्या संमतीने उघडता येते. हर्षलने मान डोलावली. तिने यादी उघडली.

माणसांना तिथे नावं नव्हती, खुणा होत्या, पण ओळखायला फारसं जड गेलं नाही. प्रत्येक खुणेपुढे भीतीचं वजन. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं थोडं, रिक्षावाल्यांचं बरंच जास्त, दात काढणाऱ्या डॉक्टरांचं त्याहून जास्त. सगळे आकडे वाकडेतिकडे, तुटक. रेवापुढे जवळजवळ काहीच नाही. कल्याणीच्या स्वतःच्या खुणेपुढे तर त्याहूनही कमी. ते बघून तिचे डोळे भरून आले, आणि मग तिने खाली बघितलं.

दिगूभाऊ आणि आई. दोघांपुढे प्रचंड आकडे. आणि दोन्ही तंतोतंत सारखे.

सोनाराच्या घरात नांदणाऱ्या बाईला एवढं तरी कळत होतं की दोन वेगळे दागिने काट्यावर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे भरत नाहीत. भरले तर दागिना नाही, काटा तपासायचा. तिने तो आकडा पुन्हा वाचला. तो आकडा ती ओळखत होती. नोकरीला लागल्यापासून रोज बघत होती. बघत होती म्हणजे, त्याच्यावरून नजर खाली सरकवत होती.

तो श्री होता.

"काय गं?" हर्षलने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "सापडलं बहुतेक."

मुजुमदार सर डबा धुऊन पुसत होते. ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, श्री आत जातोय."

"कुठे आत?"

"माणसांच्या आत."

तिने दाखवलं तसं सरांनी स्वतः एकेक पायरी तपासली. नव्या प्रोसेसरसाठी जुने प्रोग्रॅम नव्याने भाषांतरित केले होते, आणि ते काम एका यंत्राने केलं होतं. अमुक रजिस्टर रिकामं सोडायचं आहे हे त्या यंत्राला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला एक रजिस्टर मोकळं दिसलं. त्याने त्यात भीतीचं ताजं वजन ठेवायला सुरुवात केली, यादीत लिहिण्याआधी, क्षणभर. नेमकं त्या क्षणी क्रॅश झाला की टिपणाचा प्रोग्रॅम ते वजन फेकून तिथे श्री मांडायचा, आणि उठल्यावर तोच परत हातात द्यायचा. 'सावर'ला वाटायचं, मनात आहे त्या माणसाची भीती एवढी. याहून मोठा आकडा त्याला माहीतच नव्हता. डंपमध्ये मात्र श्री श्रीच्या जागी. सगळं ठीक.

"आपण सांगितलं कसं नाही त्याला?" सर म्हणाले.

"आपल्या सगळ्यांना माहीत होतं ना, सर. सगळ्यांना माहीत असलेलं कोण लिहून ठेवतं?"

सर खुर्चीत बसले. बराच वेळ डब्याचं झाकण बोटांनी फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती सासू. जिच्यावर आपण हसलो."

"हो."

"किती घरं असतील?"

कल्याणीने तक्रारींची नोंद उघडली.

दुरुस्ती लिहायला वेळ लागला नाही. चुका अशाच असतात, घर बुडवतात आणि दोन ओळींत मिटतात. खरी आपत्ती पुढे होती. नवा प्रोग्रॅम आत शिरायचा तर 'सावर' एकदा बंद होऊन उठायला हवं, आणि त्या शेवटच्या वेळी टिपण जुन्याच प्रोग्रॅमने होणार. सुरक्षित म्हणून त्यासाठी जी एकच वेळ ठेवली होती ती एका वजनाचा हिशेब संपून दुसऱ्याचा सुरू व्हायच्या मधली. म्हणजे ताजं वजन यादीत जायच्या आधी, ते रजिस्टर हमखास भरलेलं असतानाची. श्री आणखी एकदा आत जाणार होता, आणि या वेळी तो चुकणार नव्हता.

शिकलेली भीती पुसताही येत नव्हती. माणसाच्या भीतीत बाहेरून कोणी हात घालू नये म्हणून यादी फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही, अशी कुलूपबंद केलेली होती. त्या कुलपाबद्दल सरांना एकदा मोठं पारितोषिकही मिळालं होतं. आपोआप उतरायची म्हटली तर एवढा आकडा उतरायला आयुष्य पुरणार नव्हतं.

पहिली चाचणी अकोल्याच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांवर झाली. त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. समोर एक अनोळखी तंत्रज्ञ बसवला, म्हणजे भीती बसलीच तर त्याच्यावर बसेल आणि तो आपला दुसऱ्या दिवशी निघून जाईल. पोस्टमास्तरांची बायको बाहेर बाकावर बसली होती. काम झालं, दार उघडलं, ती आत आली. तिला बघताच पोस्टमास्तर खिडकीकडे धावले. तिघांनी धरलं म्हणून वाचले. समोर बसलेल्या तंत्रज्ञाचा मात्र त्यांनी जाताना आठवणीने निरोप घेतला.

समोर कोण आहे याला अर्थ नव्हता. मनात कोण आहे याला होता.

"हर्षलच्या समोर मी बसते," कल्याणी सरांना म्हणाली.

"वेड लागलंय का? शेजारी, मित्र, कोणीतरी बघू."

"त्याच्या मनात दिवसभर रेवा असते, सर. डोळ्यांसमोर कोणालाही बसवा, आकडा तिलाच लागणार. तिला तिथून बाजूला सारेल असं एकच माणूस आहे. थांबलो तर रोज सकाळी जुगार. आज शेजारी पाठवते मी तिला, पण त्याच्या मनातून कुठे पाठवू?"

"त्याला सांगणार आहेस?"

"सांगितलं तर तो मला मनातून काढायला बघेल, जिवाच्या आकांताने. मग उरेल कोण?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

ठरल्या दिवशी सकाळी तिने शिरा केला. हर्षलला वेलची जास्त आवडायची, म्हणून मुद्दाम जास्त घातली. गाडीच्या डिकीत तिची बॅग आधीच ठेवलेली होती. दिगूभाऊंच्या पत्नीला, सुमनवहिनींना, तिने सगळं सांगितलं होतं. त्यांना हर्षल घाबरत नव्हता. त्या राहायला येणार होत्या. ऐकल्यावर वहिनी खूप रडल्या, आणि मग त्यांनी रेवाला कुठली भाजी चालते, कुठली नाही, ते विचारून घेतलं.

"मुजुमदार सर बसणार ना समोर?" हर्षलने गाडीत विचारलं. भीती समोरच्यावर बसते, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. "बरं झालं. तसाही मला तो माणूस आवडत नाही. दिवाळीला सुट्टी देत नाही तुला."

कल्याणी हसली. हसताना तिला रस्ता धूसर दिसला.

खोली साधी होती. दोन खुर्च्या, एक टेबल. सर कोपऱ्यात पडद्यापाशी. रेवा सुमनवहिनींबरोबर शेजारच्या खोलीत चित्र काढत होती. हर्षलच्या मनात त्या क्षणी कोण आहे, ती खूण सरांना पडद्यावर दिसणार होती. कळ मात्र कल्याणीने स्वतःच्या हातात घेतली होती. दुसऱ्या कोणावर ते टाकणं तिला बरं वाटलं नाही.

"सर मशीनवर लागतील म्हणे," ती हर्षलसमोर बसत म्हणाली. "तोवर मी बसते सोबतीला."

"रेवडीला आत येऊ देऊ नका हं." तो सारखा दाराकडे बघत होता. "वहिनींना सांग. खाल्लंय का तिनं काही?"

"खाल्लंय." तिने सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. रेवा.

तिने त्यांच्या लग्नाच्या गोष्टी काढल्या. अक्षता पडताना त्याचा फेटा डोळ्यांवर आला होता, ते सांगितलं. तो कसनुसं हसला. "रेवाला तो फोटो फार आवडतो." सरांनी पुन्हा मान हलवली.

तिने त्यांच्या भांडणांची आठवण काढली, पहिल्या घराची, गळक्या नळाची. प्रत्येक वाट फिरून रेवापाशीच येत होती. बाहेर रेवाने काहीतरी मोठ्याने गायला सुरुवात केली आणि हर्षलचा सगळा चेहरा त्या आवाजाकडे वळला. कल्याणी घाबरली होती, आजवर कधी घाबरली नव्हती एवढी.

"हर्षल, कालिकेच्या यात्रेतला पाळणा आठवतोय?"

तो वळला.

"आपलं लग्न ठरायचं होतं. तू मला इंप्रेस करायला म्हणून उंच पाळण्यात बसलास. आणि खाली माणसं चढवायला त्यानं पाळणा थांबवला तो आपण थेट वर असताना."

"अगं बाई गं." त्याच्या चेहऱ्यावर खरं हसू आलं. "पाय लटलटत होते माझे. तू म्हणालीस, उंचीला घाबरतोस तर बसलास कशाला?"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, तू बसलीस म्हणून." तो आता फक्त तिच्याकडे बघत होता. "आणि खाली सगळे दिवे फिरत होते. मला वाटलं, उलटी होणार आणि हे लग्न मोडणार."

"मग मी काय म्हणाले?"

तो हळूच म्हणाला, "त्यानंतर मला कधी उंचीची भीती वाटली नाही, कल्याणी. तू असलीस की कशाचीच नाही वाटत."

कोपऱ्यात सरांनी हात वर केला.

कल्याणीने त्याला डोळे भरून बघितलं. कपाळावरची ऑपरेशनची पुसट रेघ, डाव्या भुवईतला तीळ, आणि ते डोळे, ज्यांत तिच्यापुरतं भीतीचं वजन जवळजवळ काहीच नव्हतं. एवढं निर्भयपणे आपल्याकडे कोणी बघतं, हे सुख तिला कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. अजून एक क्षण ती तशीच बसून राहिली.

"मी म्हणाले," ती म्हणाली, "खाली बघू नको. माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं. तिने कळ दाबली.

पापणी लवली, तेवढाच वेळ. हसू अजून त्याच्या ओठांवरच होतं. डोळे मात्र विस्फारत गेले. खुर्ची मागे कलंडली. तो पाठीने भिंत गाठेपर्यंत सरकत गेला. तोंडातून आवाज फुटत नव्हता, नुसती मान नाही-नाही अशी हलत होती.

"झालं," सर पडद्याकडे बघत म्हणाले. ते रडत होते. "नवा चालू झाला. बसला नीट."

खुर्चीच्या आवाजाने घाबरून रेवाने शेजारच्या खोलीचं दार ढकललं. सुमनवहिनींच्या हातातून सुटून ती धावत आत आली. हर्षलची नजर मुलीवर गेली आणि त्याने दोन्ही हात पसरले. रेवा त्याच्या कुशीत शिरली. त्याने तिला घट्ट धरलं, नेहमीसारखं, जराही न बिचकता.

मग तिला उचलून तो कोपऱ्यात गेला आणि कल्याणीकडे पाठ करून उभा राहिला, मुलीला आपल्या अंगाने पूर्ण झाकून.

"आई," रेवा त्याच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली.

त्याने तिचं डोकं हाताने खाली दाबलं. थरथरत, पण तिच्यासाठी आवाज शक्य तेवढा मऊ करून तो म्हणाला, "घाबरू नको, रेवडी. तिकडे बघू नको. माझ्याकडे बघ."